वाघाचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की वाघच का हरवतो? वन्यजीव फोटोंचे रंग काढताना नेमकं काय घडतं

समजा, तुम्ही ताडोब्याहून परत आलात. तीन सफारी केल्या, त्यात वाघ एकदाच दिसला. पावसाळा नुकताच संपलेला, सगळीकडे हिरवं गवत आणि त्यातून चालत येणारा नारंगी वाघ. फोटो छान आलाय. इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी वाटलं, जरा ब्लॅक अँड व्हाइट करून बघू, भारी दिसेल.

एक टॅप केला आणि वाघ गायब!

म्हणजे तो फोटोतच आहे. पट्टे दिसतात, डोळे शोधले तर सापडतात. पण अंग आणि गवत एकाच करड्या रंगाचं झालंय. मित्राला फोटो दाखवला तर तो विचारतो, "यात वाघ कुठाय?"

मग त्याच सफारीतला वानराचा फोटो उघडता. काळं तोंड, चंदेरी केस, मागून आलेलं सकाळचं ऊन. तोच फिल्टर लावला, तर हा फोटो एकदम जिवंत झाला.

फिल्टर एकच, मग निकाल इतका वेगळा का? वन्यजीव फोटोंचे रंग नेमके कधी काढावेत आणि कधी तसेच ठेवावेत? आणि रंग काढल्यावर फोटो 'खरा' राहतो का? सोप्या भाषेत समजून घेऊया.

रंग काढतात म्हणजे नेमकं काय करतात?

बहुतेकांना वाटतं की फोटोत रंग वेगळा असतो आणि त्याच्या खाली कुठेतरी ब्लॅक अँड व्हाइट फोटो दडलेला असतो. रंग पुसला की तो वर येतो. प्रत्यक्षात असा कुठलाही फोटो खाली नसतो. तो बनवावा लागतो.

डिजिटल फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, तीन आकडे साठवलेले असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये असतो. ब्लॅक अँड व्हाइट करताना या तीन आकड्यांचा मिळून एकच आकडा करायचा असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा, मधले सगळे करडे.

आता तीन आकड्यांचा एक कसा करायचा? इथेच सगळी मेख आहे. त्याचं एकच बरोबर उत्तर नाही.

टीव्हीच्या काळापासून वापरात असलेलं एक सूत्र असं: लाल सुमारे ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के घ्यायचा आणि बेरीज करायची. हिरव्याला एवढं झुकतं माप का? कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड सर्वांत जास्त प्रखर वाटतो आणि निळा सर्वांत कमी. काही ॲप तिन्ही आकड्यांची साधी सरासरी काढतात. काही ॲप सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांचा मध्य काढतात. म्हणूनच एकच फोटो दोन ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केला तर थोडा वेगळा दिसू शकतो.

मग वाघ हरवला कसा? थोडं गणित

गणित पाचवीच्या पातळीचं आहे, घाबरू नका.

वाघाच्या अंगावरच्या एका नारंगी ठिपक्याचे आकडे समजा असे आहेत: लाल २००, हिरवा १२०, निळा ५०. शेजारच्या हिरव्या पानाचे आकडे: लाल ११०, हिरवा १६०, निळा ७०. स्क्रीनवर हे दोन रंग इतके वेगळे दिसतात की लहान मूलही फरक सांगेल.

आता ३०-५९-११ चं सूत्र लावूया. वाघाचा आकडा येतो साधारण १३६. पानाचा येतो साधारण १३५.

म्हणजे फरक एकाचा. डोळ्याला तो दिसणं अशक्य. नारंगी आणि हिरवा या दोघांचा रंग वेगळा होता, पण उजेड जवळपास सारखा होता. रंग गेल्यावर दोघांना वेगळं करणारी एकमेव गोष्टही गेली. उरले ते काळे पट्टे, आणि ते गवतातल्या सावल्यांमध्ये मिसळून गेले.

आता तेच दोन ठिपके घ्या आणि माप बदला. लाल ७० टक्के, हिरवा ३० टक्के, निळा शून्य. वाघ येतो १७६ वर, पान १२५ वर. वाघ उजळ झाला, गवत गडद झालं आणि वाघ गवतातून बाहेर आला. फक्त निळा आकडा घेतला तर उलटं होतं. वाघ ५०, पान ७०. वाघ गवतापेक्षाही काळा पडतो.

फोटो एकच, वाघ एकच, पण तीन वेगळे ब्लॅक अँड व्हाइट फोटो. यातला कुठला हवा हे ॲपने ठरवायचं की तुम्ही, एवढाच प्रश्न आहे. एका टॅपचा फिल्टर लावला की तो निर्णय ॲप घेतं आणि ॲपला वाघ कुठाय हे माहीत नसतं.

पण वाघाच्याच बाबतीत असं का होतं?

हा योगायोग नाही. ज्या कारणाने तुमच्या फोटोत वाघ हरवला, साधारण त्याच कारणाने तो जंगलात चितळांपासून लपतो.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात. चितळ, सांबर यांसारख्या खुरांच्या प्राण्यांमध्ये दोनच प्रकार असतात. त्यामुळे त्यांना नारंगी आणि हिरवा यांत आपल्याइतका फरक करता येत नाही. आपल्याला जो वाघ भडक नारंगी दिसतो, तो चितळाला आसपासच्या पाल्यासारखाच वाटतो.

मग वाघ थेट हिरवाच का झाला नाही? कारण सस्तन प्राण्यांच्या केसांना रंग देणारी रंगद्रव्यं मुख्यतः दोनच प्रकारची असतात. एक काळा-तपकिरी रंग देतं, दुसरं लालसर-पिवळा. हिरवा रंग त्यांच्या सामानातच नाही. पण ज्याची शिकार करायची त्याला नारंगी आणि हिरव्यातला फरकच कळत नसेल, तर हिरवं होण्याची गरज तरी काय?

म्हणजे वाघाचा फोटो एका टॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केला की काही अंशी तुम्ही चितळाच्या बाजूने बघायला लागता. वाघाला पुन्हा दिसता करायचं असेल तर हाताने काम करावं लागतं.

फिल्मच्या काळात हे कसं करायचे?

तेव्हाही हाच प्रश्न होता, फक्त हत्यारं वेगळी होती. सुरुवातीच्या फोटो काचांना मुख्यतः निळा उजेडच कळायचा. त्यामुळे निळं आकाश पांढरंफट्ट आणि लाल वस्तू काळी यायची. पुढे सगळ्या रंगांना दाद देणाऱ्या फिल्म आल्या आणि फोटोग्राफर लेन्सवर रंगीत काच लावू लागले. लाल काच लावली की लाल-नारंगी वस्तू उजळ येते, आकाश आणि पानं गडद होतात. आज ॲपमधल्या स्लायडरला जे जमतं, ते तेव्हा फोटो काढण्याआधीच ठरवावं लागायचं.

भारतातल्या वाघांचे सुरुवातीचे गाजलेले फोटोही याच काळातले. ब्रिटिश वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात उत्तरेतल्या जंगलात वाटेवर तार बांधून ठेवली. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटायचा आणि फोटो निघायचा. आजच्या कॅमेरा ट्रॅपचे हे पूर्वज. त्यांचं 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ मध्ये आलं.

त्यानंतरचं मोठं नाव म्हणजे चेन्नईचे एम. कृष्णन. निसर्गलेखक आणि फोटोग्राफर. रंगीत फिल्म बाजारात आल्यावरही त्यांनी प्रामुख्याने कृष्णधवल फोटोच काढले. द्वीपकल्पातल्या मोठ्या सस्तन प्राण्यांचं त्यांनी केलेलं सर्वेक्षण मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ मध्ये पुस्तकरूपाने छापलं. त्यांच्या फोटोंत प्राणी सुंदर दिसण्याइतकंच तो काय करतोय आणि कुठे करतोय हे महत्त्वाचं असायचं.

आता रंग फुकट आहे, मग लोक ब्लॅक अँड व्हाइट का करतात?

कारण रंग गेला की नजर दुसऱ्या गोष्टींकडे वळते. आकार, पोत, उजेड-सावली, अंगावरच्या सुरकुत्या.

ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तियाव सालगादो यांनी २००४ मध्ये 'जेनेसिस' हा प्रकल्प सुरू केला. पृथ्वीवरच्या माणसाने फारसा हात न लावलेल्या जागांचे हे फोटो, सगळे कृष्णधवल. २०१३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यात गॅलापॅगोस बेटांवरच्या समुद्री इग्वानाच्या पंजाचा एक फोटो आहे. खवले इतके स्पष्ट दिसतात की तो चिलखत घातलेल्या सैनिकाचा हात वाटतो. रंगीत फोटोत तुम्ही आधी 'सरडा' बघितला असता. इथे आधी हात दिसतो.

इंग्लंडचे निक ब्रँट यांनी पूर्व आफ्रिकेतल्या हत्ती, सिंह, जिराफांचे फोटो लांब पल्ल्याची लेन्स न वापरता, प्राण्यांच्या जवळ जाऊन काढले. 'ऑन धिस अर्थ' हे त्यांचं २००५ चं पुस्तक. एखाद्या माणसाचं पोर्ट्रेट काढावं तसे हे फोटो दिसतात. पुढे २०१० मध्ये त्यांनी शिकारीविरुद्ध काम करणारी 'बिग लाइफ फाउंडेशन' ही संस्था सहसंस्थापक म्हणून सुरू केली.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत तर कृष्णधवल फोटोंसाठी अनेक वर्षं स्वतंत्र विभाग होता. २०१४ मध्ये या स्पर्धेचा सर्वोच्च पुरस्कार मायकल निकोल्स यांच्या फोटोला मिळाला. टांझानियातल्या सेरेंगेटीत खडकावर पिल्लांसह विसावलेल्या सिंहिणी. हा फोटो इन्फ्रारेडमध्ये काढलेला आणि कृष्णधवल होता.

म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट हा वन्यजीव फोटोग्राफीत जुनाट किंवा दुय्यम प्रकार नाही. मात्र ज्यांचे फोटो लक्षात राहतात, ते रंग नसणार हे धरूनच फोटो काढतात. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. दुपारच्या कडक उन्हात फोटो बिघडला, रंग विटके आले, मग 'चला, ब्लॅक अँड व्हाइट करू'. बिघडलेला फोटो रंग काढून क्वचितच सुधारतो. विटके रंग लपतात, पण डोळ्यावर आलेली सावली आणि पाठीवर जळालेलं ऊन तसंच राहतं.

कुठल्या फोटोचे रंग काढावेत, कुठल्याचे ठेवावेत?

एक साधा प्रश्न स्वतःला विचारा: या फोटोत रंग काही सांगतोय का?

आपल्याकडचीच उदाहरणं घेऊ.

गवा: राधानगरीच्या जंगलातला गवा म्हणजे गडद अंग आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. रंग मुळात कमीच. स्नायूंचा आकार आणि धुकं ही खरी गोष्ट. रंग काढायला हरकत नाही. फक्त अंगाचा काळा गोळा होऊ देऊ नका, सावल्या थोड्या उचलून घ्या.

वानर, हत्ती, अस्वल, पांढरे बगळे: यांच्याही बाबतीत बहुधा जमतं. काळ्या-पांढऱ्यातला फरक किंवा कातडीचा पोत आधीच भरपूर आहे.

हरियाल: महाराष्ट्राचा राज्यपक्षी. हिरवट-पिवळा पक्षी, तोही वडा-पिंपळाच्या पानांत बसलेला. रंगीत फोटोतही शोधावा लागतो. रंग काढलात तर फक्त झाड उरेल.

नीलपंख, खंड्या, मोर: यांच्या फोटोत रंग हीच बातमी असते. नीलपंख उडाला की पंखांत जो निळा झळकतो, तो काढून काय दाखवणार? अपवाद एकच. पक्षी पूर्ण काळ्या आकृतीसारखा, मागे सूर्य ठेवून काढला असेल तर गोष्ट वेगळी.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो: हे उदाहरण गमतीचं आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यात उभा असलेला थवा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फार देखणा दिसतो. निळा स्लायडर खाली ओढला की पाणी गडद होतं, गुलाबी पक्षी जवळपास पांढरे होतात आणि उडताना पंखांची काळी किनार उठून दिसते. पण एक माहिती जाते. रोहितची पिल्लं करडी असतात. खाद्यातल्या रंगद्रव्यांमुळे ती हळूहळू गुलाबी होत जातात. रंगीत फोटोत थव्यातले लहान आणि मोठे पक्षी पटकन वेगळे ओळखू येतात. रंग गेला की हा फरक बराचसा पुसला जातो. फोटो भिंतीवर लावायचा असेल तर चालेल. पक्षीनिरीक्षणाची नोंद म्हणून टाकायचा असेल तर रंगीतच टाका.

वाघ: वाळलेल्या गवतात, हिरव्या गवतात, पाण्यात, डांबरी रस्त्यावर, प्रत्येक वेळी उत्तर वेगळं. पाणवठ्यात बसलेला वाघ आणि मागे गडद सावली असेल तर रंग काढणं सोपं. हिरव्या गवतातल्या वाघाला स्लायडरची मदत लागणारच.

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर नीट कसं करायचं?

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. क्रम मात्र महत्त्वाचा आहे.

१. जमलं तर रॉ फाइलमध्ये फोटो काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. स्लायडर जोरात ओढल्यावर आकाशात पट्टे किंवा डाग पडतात, ते बहुतेक पायऱ्या कमी पडल्यामुळे. व्हॉट्सॲपवरून आलेला, दाबून लहान झालेला फोटो तर या कामाला घेऊच नका.

२. कॅमेऱ्यातला मोनोक्रोम मोड जपून वापरा. फक्त जेपेग काढत असाल तर रंग कायमचा जातो, परत येत नाही. रॉ काढत असाल तर स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाइट दिसतं आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतो. सफारीत उजेड-सावली ओळखायला शिकण्यासाठी ही युक्ती चांगली आहे.

३. आधी रंगीत फोटो नीट करा. व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर आधी. करडे कसे येणार हे मूळ रंगांवर ठरतं. म्हणून नंतर व्हाइट बॅलन्स हलवलात तर सगळे करडे पुन्हा बदलतात.

४. सॅच्युरेशन शून्यावर नेऊ नका. त्याने निर्णय ॲपच्या हातात जातो. लाइटरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर लाल, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा असे आठ रंगांचे स्लायडर मिळतात. फोटोशॉपमध्ये सहा. मोबाइलवरच्या स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट टूल उघडलं की लाल, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर निवडता येतात. कॉम्प्युटरवर डार्कटेबल, रॉथेरपी, गिंप हे पर्याय मोफत आहेत.

५. प्राण्याचा रंग वर, मागच्याचा रंग खाली. वाघासाठी नारंगी थोडा वर, हिरवा थोडा खाली. पिवळा सांभाळून, कारण वाळलेलं गवत आणि वाघाचं अंग दोन्हीत तो असतो. स्लायडर टोकाला नेलात तर प्राण्याच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागते आणि फोटो कापून चिकटवल्यासारखा वाटतो. निळा फार खाली ओढला तर आकाशात दाणे येतात.

६. डोळा तपासा. बाकी सगळं जमलं आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका हरवला, तर प्राणी निर्जीव दिसतो. डोळ्यापुरता उजेड किंचित वाढवणं पुरेसं असतं.

७. दाण्यांना घाबरू नका. जंगलात संध्याकाळी आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत लाल-हिरवे ठिपके येतात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ठिपक्यांचे हे रंग जातात. उरलेले दाणे जुन्या फिल्मसारखे वाटतात आणि बरेचदा शोभतात. अंधारातल्या फोटोंसाठी रंग काढण्याचा हा खरा फायदा आहे.

८. फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. लोक तो मोबाइलवर, स्क्रोल करताना बघणार आहेत. एवढ्याशा आकारात प्राणी दिसला तर काम झालं. नाही दिसला तर पुन्हा चौथ्या पायरीवर या.

मग बिबट्याचे रात्रीचे फोटो आधीच ब्लॅक अँड व्हाइट का असतात?

सोसायटीच्या आवारात शिरलेला बिबट्या, शेतातल्या कॅमेरा ट्रॅपमधला वाघ असे फोटो आणि व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते कोणी एडिट केलेले नसतात. रात्री हे कॅमेरे इन्फ्रारेड उजेड वापरतात. हा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि त्यात आपल्या ओळखीचे रंग नसतातच. त्यामुळे कॅमेरा फक्त उजेड किती परत आला एवढंच नोंदवतो.

या उजेडात जग वेगळं दिसतं. पानं पांढरी दिसतात, कारण ती इन्फ्रारेड भरपूर परतवतात. आणि काळ्या बिबट्याच्या बाबतीत तर कमालच होते. काळा बिबट्या ही वेगळी जात नाही. तो साधा बिबट्याच असतो, फक्त त्वचेत आणि केसांत काळं रंगद्रव्य जास्त असतं. त्याच्या अंगावर ठिपके असतात, पण आपल्याला काळ्यात काळे दिसत नाहीत. इन्फ्रारेडमध्ये ते उमटतात. मलेशियात, जिथे काळे बिबटे मोठ्या संख्येने आहेत, तिथे संशोधकांनी कॅमेरा ट्रॅपला दिवसाही इन्फ्रारेड वापरायला लावलं आणि ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखला. म्हणजे इथे रंग गेल्यामुळे माहिती वाढली!

रंग काढणं म्हणजे फसवणूक का?

सोशल मीडियावर हा वाद नेहमी होतो. एक बाजू म्हणते, जंगल रंगीत आहे, तर फोटोही रंगीतच हवा. दुसरी बाजू म्हणते, फोटोग्राफी ही कला आहे, काहीही चालेल.

ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा एक मोठा गुण असा की तो बदललेला आहे हे तो लपवत नाही. बघणाऱ्याला पहिल्याच क्षणी कळतं की रंग काढलाय. गवताचा हिरवा आणखी भडक करणं, सूर्यास्त ओतल्यासारखा नारंगी करणं, हे बदल मात्र गुपचूप होतात आणि लोक त्यांना खरं समजतात. त्या अर्थाने कृष्णधवल फोटो जास्त प्रामाणिक म्हणता येईल.

तरीही तीन ठिकाणी सावध राहायला हवं.

पहिलं, ओळख. सावलीतल्या साध्या बिबट्याचा फोटो गडद ब्लॅक अँड व्हाइट केला तर तो काळा बिबट्या वाटू शकतो. ताडोब्यात काळा बिबट्या दिसल्याचे फोटो पूर्वी गाजलेले आहेत. त्यामुळे असा फोटो कॅप्शनशिवाय फिरला की पुढचं सांगायला नको. फोटो एडिट केलाय आणि प्राणी कोणता आहे, हे दोन शब्द लिहायला वेळ लागत नाही.

दुसरं, पुरावा. जखमी प्राणी, प्लास्टिक खाणारा हत्ती, तारेत अडकलेलं जनावर, वाळलेलं तळं असा फोटो असेल तर रंग काढू नका. रक्त ताजं आहे की सुकलेलं, पिशवी कसली आहे, पाण्यावर कसला थर आहे, हे रंगच सांगतो. असा फोटो वनविभागाला किंवा बातमीसाठी पाठवायचा असेल तर मूळ फाइलच पाठवा.

तिसरं, भावना. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कुठलाही प्राणी थोडा उदास, थोडा पुरातन दिसतो. जणू तो आता उरलेलाच नाही. संवर्धनासाठी हा परिणाम काही फोटोग्राफर जाणूनबुजून वापरतात. पण पोट भरून झोपलेल्या वाघाचा फोटो काळाकुट्ट करून खाली 'शेवटचा राजा' असं लिहिलं, तर तो उदासपणा वाघाचा नसतो, फिल्टरचा असतो.

आणि फक्त वाघाचे डोळे पिवळे ठेवून बाकी सगळं काळं-पांढरं करणारे फोटो? त्यांना लाइक भरपूर मिळतात. पण त्यात ना रंगाची माहिती राहते, ना कृष्णधवल फोटोची शिस्त. आवड म्हणून करा, फक्त डोळे खरंच तेवढे पिवळे होते का हे एकदा मूळ फोटोत बघून घ्या.

लक्षात काय ठेवायचं?

- ब्लॅक अँड व्हाइट करणं म्हणजे प्रत्येक रंगाला किती उजेड द्यायचा हे ठरवणं. एका टॅपमध्ये हा निर्णय ॲप घेतं.
- रंग वेगळे आणि उजेड सारखा असेल तर रंग गेल्यावर प्राणी मागच्या पार्श्वभूमीत विरघळतो.
- रंग हीच माहिती असेल तिथे रंग ठेवा. रंग लक्ष विचलित करत असेल तर काढा.
- कॅप्शनमध्ये प्राणी, ठिकाण आणि 'रंग काढले आहेत' एवढं लिहा.
- मूळ रंगीत फाइल कधीही डिलीट करू नका.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. रंगीत फोटोपासून ब्लॅक अँड व्हाइट फोटो हवे तितके बनवता येतात. एकदा रंग फेकून दिल्यावर त्या दिवशी गवत किती हिरवं होतं आणि वाघ किती नारंगी, हे तुम्हाला कुठलंही ॲप खात्रीने सांगू शकणार नाही.